ग्रब अडला, लिनक्स सुरू होईना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप सुरू केला, लोगो झळकला आणि पुढे काळ्या पडद्यावर एखादी ओळ टाकून सगळं थांबलं. ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, बूटलोडर. तो अडला की जे प्रश्न हमखास विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः उबुंटू, डेबियन आणि लिनक्स मिंटची आहेत. सी-डॅकची बॉस लिनक्सही डेबियनवरच उभी आहे, त्यामुळे यातलं बरंचसं तिलाही लागू पडतं. फेडोराचं वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांतच टाइप करा. ‘एलएस’, ‘एसडीए’ अशा नावांत एकेक अक्षर सुटं वाचायचं. ‘ग्रब_टाइमआउट’सारखी सेटिंगची नावं मात्र सगळी मोठ्या अक्षरांत.

माझा डेटा गेला का?

बहुधा काहीच गेलेलं नाही. ग्रबचं काम कर्नल (लिनक्सचा मूळ प्रोग्रॅम) शोधून मेमरीत चढवण्यापुरतं. तुमच्या फायलींना तो हात लावत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून डिस्कवर न बसवताही लिनक्स चालतं) मशीन सुरू करा, फाइल मॅनेजरमध्ये तुमचं पार्टिशन (डिस्कचा भाग) उघडा, होम फोल्डर जसंच्या तसं दिसेल. दिसलं की महत्त्वाचं तेवढं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि मग दुरुस्तीला बसा. डेटा जातो तो नंतरच्या घाईत. कुणीतरी ‘फॉरमॅट मारावं लागेल’ म्हणतं आणि आपण मान डोलावतो.

नेमकं कुठे अडलंय हे कसं ओळखायचं?

बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत काम चार टप्प्यांत पुढे सरकतं. आधी फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम (यूईएफआय किंवा जुना बायोस), ग्रबला शोधतं. मग ग्रब स्वतःची मॉड्यूल (लागतील तसे जोडायचे भाग) आणि ‘ग्रब डॉट सीएफजी’ ही फाइल शोधून मेन्यू दाखवतो. तिसऱ्या टप्प्यात तो निवडलेला कर्नल आणि इनिटरॅमएफएस (कर्नलला सुरुवातीला लागणारी तात्पुरती फाइलसिस्टीम) मेमरीत चढवतो. शेवटी कर्नल मूळ पार्टिशन माउंट करतो, म्हणजे वापरासाठी जोडून घेतो, आणि बाकीची सिस्टीम जागी होते.

पडद्यावर जे लिहिलेलं आहे त्यावरून टप्पा कळतो. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं किंवा थेट विंडोज उघडलं, तर पहिला टप्पा चुकलाय. ‘ग्रब रेस्क्यू>’ किंवा ‘ग्रब>’ आलं, तर ग्रब जागा झाला पण त्याला त्याचं सामान सापडलं नाही. मेन्यू नीट आला आणि एंटर मारल्यावर अडलं, तर ग्रब बसवण्यात काही चुकलेलं नाही. कर्नलकडे, इनिटरॅमएफएसकडे किंवा सिक्युअर बूटकडे (सही नसलेले प्रोग्रॅम रोखणारी फर्मवेअरची सोय) बघा. कितीतरी जण मेन्यू व्यवस्थित दिसत असतानाही तीन-तीनदा ग्रब-इन्स्टॉल (ग्रब नव्याने बसवणारी कमांड) चालवतात आणि तरी मशीन का उठत नाही म्हणून वैतागतात.

म्हणून कुठलीही कमांड देण्याआधी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढा. रीस्टार्ट केल्यावर ती ओळ आठवत नाही, हा अनुभव आहे.

माझं मशीन यूईएफआयवर चालतं की जुन्या बायोस पद्धतीने?

लाइव्ह पेनड्राइव्हवर टर्मिनल उघडून ‘एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय’ द्या. फोल्डर दिसलं तर पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू झालाय. ‘नो सच फाइल’ आलं तर बायोस पद्धतीने. हे उत्तर फक्त पेनड्राइव्हपुरतं आहे, हे ध्यानात घ्या. डिस्कवरचं लिनक्स कुठल्या पद्धतीने बसवलंय ते ‘एलएसबीएलके -एफ’ मध्ये पाहा: फॅट३२ स्वरूपाचं, काहीशे एमबीचं छोटं ईएफआय पार्टिशन असेल तर बहुधा यूईएफआय. दोन्ही पद्धती जुळल्या तरच पुढची दुरुस्ती यशस्वी होते. नसतील जुळत, तर पेनड्राइव्ह पुन्हा योग्य पद्धतीने सुरू करा. फर्मवेअरच्या बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह बहुतेक वेळा दोनदा दिसतो, एकदा यूईएफआय असं पुढे लावून.

फरक इतका महत्त्वाचा का? बायोस पद्धतीत ग्रबची सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमधून होते. त्यात कोडला ४४६ बाइट, पार्टिशन टेबलला ६४ आणि शेवटची २ बाइट सहीची. एवढ्याशा जागेत काहीच मावत नाही, म्हणून ग्रबचा गाभा, म्हणजे कोअर इमेज, त्या सेक्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत लपवलेला असतो. यूईएफआयमध्ये अशी लपवाछपवी नाही. ईएफआय पार्टिशनवर साध्या फायली असतात आणि मदरबोर्डच्या मेमरीत ‘अमुक फाइल चालव’ अशी नोंद असते.

विंडोज अपडेट झालं आणि ग्रब गायबच. आता थेट विंडोज उघडतं.

यूईएफआय असेल तर ग्रब बहुधा जागेवरच आहे, फक्त नोंदींचा क्रम बदललाय. सुरू करताना फर्मवेअरचा बूट मेन्यू उघडा (कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप) आणि ‘उबुंटू’ किंवा ‘डेबियन’ निवडा. लिनक्समध्ये आलात की ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर’ द्या (‘सुडो’ म्हणजे ॲडमिनच्या हक्काने). ‘बूट००००’, ‘बूट०००३’ अशा नोंदी आणि वर ‘बूटऑर्डर’ची ओळ दिसेल. लिनक्सची नोंद ०००३ आणि विंडोजची ०००० असेल तर:

सुडो ईएफआयबूटएमजीआर -ओ ०००३,००००

काही लॅपटॉपांचं फर्मवेअर इतकं हेकट असतं की क्रम कितीही बदला, ते विंडोजचीच फाइल उघडतं. अशा ठिकाणी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम हाताने बदलावा लागतो.

‘एरर: अननोन फाइलसिस्टीम’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू>’. आता?

हे सर्वात घाबरवणारं दृश्य, पण त्यातून बाहेर यायला बहुतेकदा पाच ओळी पुरतात. आधी कारण समजून घ्या. कोअर इमेजमध्ये ‘माझी मॉड्यूल अमुक पार्टिशनवर आहेत’ असा पत्ता कोरलेला असतो. तुम्ही विंडोजमधून एखादं पार्टिशन उडवलं, तोडलं, जोडलं, की क्रमांक सरकू शकतात. जुन्या एमबीआर पद्धतीचं पार्टिशन टेबल असलेल्या डिस्कवर तर ५, ६, ७ अशी लॉजिकल पार्टिशनं हमखास सरकतात. ग्रब जुन्या पत्त्यावर जातो आणि तिथे भलतंच काही पाहून थबकतो.

‘एलएस’ द्या. ‘(एचडी०) (एचडी०,जीपीटी३) (एचडी०,जीपीटी२)’ अशी यादी येईल. डिस्क शून्यापासून मोजली जाते, पार्टिशन एकपासून; ‘जीपीटी’ म्हणजे नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल. मग एकेकात डोकावा: ‘एलएस (एचडी०,जीपीटी२)/’. ‘अननोन फाइलसिस्टीम’ आलं तर पुढचं. ‘बूट’, ‘होम’, ‘ईटीसी’ अशी नावं दिसली की सापडलं. त्यानंतर:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

मेन्यू यायला हवा. ‘नॉर्मल’ मॉड्यूल सापडलं नाही असं म्हणाला, तर एक तर पार्टिशन चुकलंय किंवा तुमचं ‘/बूट’ वेगळ्या पार्टिशनवर आहे. तसं असेल तर पत्त्यातून ‘/बूट’ गाळून फक्त ‘/ग्रब’ लिहा. फेडोरात या फोल्डरचं नाव ‘ग्रब२’ आहे.

हे सगळं एका वेळेपुरतं. लिनक्समध्ये शिरल्याबरोबर ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल’ (बायोस पद्धतीत पुढे डिस्कचं नाव) आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ (मेन्यूची फाइल नव्याने लिहिणारी कमांड) चालवलं नाहीत, तर उद्या सकाळी पुन्हा हेच.

आणि तुम्ही लिनक्स मुद्दाम काढून टाकलं असेल, तर ग्रब ज्याला शोधतोय ते आता अस्तित्वातच नाही. यूईएफआयवर बूट मेन्यूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा. बायोसवर विंडोजच्या रिकव्हरीतून ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’.

रेस्क्यू नाही, नुसतं ‘ग्रब>’ दिसतंय.

परिस्थिती बरीच बरी. मॉड्यूल चढली आहेत, फक्त मेन्यूची फाइल सापडलेली नाही. वरच्यासारखंच पार्टिशन शोधा आणि ‘कॉन्फिगफाइल (एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’ द्या. इथे टॅब दाबून नावं पूर्ण करता येतात.

उबुंटूत यामागे बहुधा एक बारकी फाइल असते. ईएफआय पार्टिशनवरच्या ‘उबुंटू’ फोल्डरमध्ये तीन ओळींची ‘ग्रब.सीएफजी’ असते, ‘या यूयूआयडीचं पार्टिशन शोध, खरी फाइल तिथे आहे’ एवढंच ती सांगते (यूयूआयडी म्हणजे पार्टिशनचा ओळखक्रमांक). पार्टिशन फॉरमॅट करून बॅकअप परत ओतला, तर यूयूआयडी बदलतो आणि या फाइलला ते कळत नाही. ग्रब-इन्स्टॉल ती फाइल नव्याने लिहितो.

मेन्यू दिसावा म्हणून एस्केप धडाधड दाबलात आणि ‘ग्रब>’ आलं, तर काहीच बिघडलेलं नाही. ‘नॉर्मल’ लिहून एंटर मारा.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून ग्रब-इन्स्टॉल दिलं, तर ‘फेल्ड टू गेट कॅनॉनिकल पाथ ऑफ /काउ’ येतं. ही गाय कुठून आली?

गाय नाही, ‘कॉपी ऑन राइट’. पेनड्राइव्हवरच्या तात्पुरत्या फाइलसिस्टीमचं ते नाव. तुम्ही डिस्कवरच्या लिनक्ससाठी ग्रब बसवायला निघालात, पण कमांड पेनड्राइव्हच्या लिनक्समध्ये दिलीत. ग्रब-इन्स्टॉल विचारतोय की या मूळ फोल्डरमागे खरी डिस्क कुठली. उपाय म्हणजे डिस्कवरच्या सिस्टीममध्ये शिरून तिथून कमांड देणे, अर्थात सीएचरूट.

समजा लिनक्स ‘एसडीए२’ वर आणि ईएफआय पार्टिशन ‘एसडीए१’ वर आहे. एनव्हीएमई डिस्क असेल तर नावं ‘एनव्हीएमई०एन१पी२’ अशी दिसतील.

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय
सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
(हेच /प्रॉक, /सिस आणि /रन यांसाठी)
सुडो सीएचरूट /एमएनटी
ग्रब-इन्स्टॉल
अपडेट-ग्रब

बायोस पद्धतीत दुसरी ओळ वगळा आणि ‘ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ द्या. एसडीए, एसडीए२ नव्हे. ग्रब डिस्कवर बसतो, पार्टिशनवर नाही. पार्टिशनचं नाव दिलंत तर ‘ब्लॉकलिस्ट्स आर अनरिलायेबल’ अशी तक्रार येते, आणि ती खरी आहे. ‘/बूट’ वेगळं असेल तर तेही ईएफआयच्या आधी माउंट करा. डिस्क लक्सने (लिनक्सचं एन्क्रिप्शन) कुलूपबंद असेल तर सगळ्यात आधी ‘क्रिप्टसेटअप ओपन’.

सीएचरूटमध्ये शिरूनही ग्रब-इन्स्टॉल कुरकुरतोय.

‘कॅनॉट फाइंड ईएफआय डिरेक्टरी’: ईएफआय पार्टिशन माउंट केलेलं नाही. ‘ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड’: पेनड्राइव्ह बायोस पद्धतीने सुरू झालाय, किंवा ‘/सिस’ नीट जोडलेलं नाही. ‘मॉडइन्फो डॉट एसएच डझन्ट एक्झिस्ट’: त्या पद्धतीचं पॅकेजच नाही, उबुंटू-डेबियनवर यूईएफआयसाठी ‘ग्रब-ईएफआय-एएमडी६४’ आणि बायोससाठी ‘ग्रब-पीसी’ बसवा.

चौथी तक्रार, ‘नो बायोस बूट पार्टिशन’, जरा वेगळी. डिस्क जीपीटी आहे आणि मशीन बायोस पद्धतीने चालतंय. जीपीटी डिस्कवर पहिल्या सेक्टरमागची जागा जीपीटीचं स्वतःचं टेबल व्यापतं, म्हणून कोअर इमेजसाठी १ एमबीचं वेगळं पार्टिशन करून द्यावं लागतं. जीपार्टेडमध्ये ते बनवा, फॉरमॅट न करता ‘बायोस_ग्रब’ हा झेंडा लावा, झालं.

‘सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड’ म्हणजे काय?

हा दोष मला ग्रबच्या दोषांत सर्वात बोलका वाटतो. २०२० च्या जुलैअखेर ‘बूटहोल’ नावाची ग्रबमधली मोठी सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली आणि सगळ्या लिनक्सांनी घाईने नवा ग्रब पाठवला. त्यानंतर अनेक बायोस मशीन ही ओळ दाखवून बसली.

कारण असं: अपडेटने ‘/बूट/ग्रब’ मधली मॉड्यूल बदलली, पण डिस्कच्या सुरुवातीची कोअर इमेज जुनीच राहिली. नव्या मॉड्यूलना जे फंक्शन लागतं ते जुन्या गाभ्यात नाही. गाभा जुना राहिला कारण ‘ग्रब कुठल्या डिस्कवर बसवायचा’ हे पॅकेज डिस्कच्या ओळखक्रमांकासह लक्षात ठेवतं. ज्यांनी जुनी हार्डडिस्क क्लोन करून एसएसडी बसवली, त्यांचा ओळखक्रमांक बदलला. दोन डिस्क असलेल्यांत ग्रब इमानेइतबारे भलत्याच डिस्कवर जाऊन बसला. क्लोन करून वर्षं लोटलेली असतात, त्यामुळे संबंध कुणाच्या ध्यानातच येत नाही.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून सीएचरूट करा, योग्य डिस्कवर ग्रब-इन्स्टॉल चालवा आणि मग ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ देऊन यादीतून खरी डिस्क निवडा. ही शेवटची पायरी गाळली तर पुढच्या ग्रब अपडेटला पुन्हा भेट.

मेन्यू येतो, पण त्यात विंडोज नाही.

ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, इतर सिस्टीम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद ठेवलेला असतो; तो प्रत्येक पार्टिशन उघडून पाहतो आणि त्यात धोका आहे, असं ग्रबवाल्यांचं म्हणणं. घरच्या लॅपटॉपवर तो चालू करायला हरकत नाही. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ मध्ये ही ओळ घाला:

ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स

(‘फॉल्स’ लहान अक्षरांत.) मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. तरी विंडोज दिसलं नाही, तर ‘ओएस-प्रोबर’ पॅकेज बसवलंय का पाहा. तेही असेल, तर शक्यता उरते ती एक: विंडोज बायोस पद्धतीने आणि लिनक्स यूईएफआय पद्धतीने बसवलंय. एका पद्धतीने सुरू झालेला ग्रब दुसऱ्या पद्धतीचं विंडोज उठवू शकत नाही.

मेन्यूच दिसत नाही, थेट लिनक्स उघडतं.

उबुंटूला दुसरी सिस्टीम सापडली नाही की तो मेन्यू लपवतो. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ मध्ये ‘ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेन्यू’ आणि ‘ग्रब_टाइमआउट=५’ करा, मग अपडेट-ग्रब. ‘ग्रब.सीएफजी’ हाताने बदलू नका. पुढच्या कर्नल अपडेटला ती नव्याने लिहिली जाते.

अपडेट चालू असताना वीज गेली. आता ‘कर्नल पॅनिक: अनेबल टू माउंट रूट’.

भारनियमनाच्या गावात हे घडतंच. नवा कर्नल उतरला, पण त्याचं इनिटरॅमएफएस बनायच्या आत मशीन बंद पडलं. ‘/बूट’ पार्टिशन भरून गेलं तरी हेच होतं. मेन्यूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा आणि आधीचा कर्नल निवडा. तो म्हणूनच ठेवलेला असतो. आत आलात की:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल
सुडो अपडेट-ग्रब

आधी ‘डीएफ -एच /बूट’ ने जागा तपासा. भरलं असेल तर ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ जुने कर्नल काढतं. चालू असलेला कर्नल हाताने डिलीट करणारेही भेटतात. तसं करू नका.

मेन्यूनंतर नुसताच काळा पडदा राहत असेल तर ग्राफिक्सचा संशय घ्या. मेन्यूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडा आणि एफ१०. हा बदल त्या एका वेळेपुरता.

‘एसबीएटी सेल्फ-चेक फेल्ड, समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’.

ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने ही ओळ विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या अनेक मशीनवर आणली. सिक्युअर बूटमध्ये ग्रबच्या आधी ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्रॅम चालतो आणि त्याच्यावर पिढी-क्रमांक असतो. त्या अपडेटने जुन्या पिढ्या बाद ठरवल्या. फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट बंद करा, लिनक्समध्ये ‘सुडो मोकुटिल --सेट-एसबीएटी-पॉलिसी डिलीट’ द्या, लिनक्समध्येच पुन्हा रीस्टार्ट करा, सगळी अपडेट घ्या, मग सिक्युअर बूट परत चालू करा.

विंडोजवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) असेल तर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. त्याच लॅपटॉपवर नव्हे.

पोर्टेबल डिस्कवर उबुंटू बसवलं. ती काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही.

उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरची ही प्रसिद्ध खोड. ‘बूटलोडर कुठे’ या प्रश्नाला तुम्ही बाहेरची डिस्क सांगितली तरी यूईएफआयवर तो आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवरच लिहितो. आज लॅपटॉप चालवायचा तर बूट मेन्यूतून विंडोज निवडा. कायमचं करायचं तर बाहेरच्या डिस्कवर तिचं स्वतःचं ईएफआय पार्टिशन बनवा, एफस्टॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं हे सांगणारी फाइल) त्याचा यूयूआयडी घाला, तेच माउंट करून ‘ग्रब-इन्स्टॉल --रिमूव्हेबल’ द्या. याने ग्रब ‘बूटएक्स६४’ या ठरावीक नावाने बसतो आणि मग डिस्क दुसऱ्या यूईएफआय मशीनलाही लावता येते.

अपडेट-ग्रब: कमांड नॉट फाउंड.

ही डेबियन घराण्याची सोय आहे. फेडोरात ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी’. यूईएफआय असलेल्या फेडोरात ग्रब२-इन्स्टॉल चालवू नका. शिम आणि ग्रबची पॅकेज ‘डीएनएफ रीइन्स्टॉल’ने पुन्हा बसवा. पॉप ओएसवर यूईएफआय असेल तर तिथे ग्रबच नसतो, सिस्टमडी-बूट हा वेगळा बूटलोडर असतो.

नेटवर ‘मेन्यू डॉट एलएसटी’ बदला असं सांगितलंय. ती फाइल सापडत नाही.

सापडणारही नाही. तो सल्ला जुन्या ग्रबचा, ज्याची गाडी ०.९७ ला थांबली. उबुंटूने २००९ मध्येच, ९.१० पासून, नवा ग्रब घेतला. जुन्या ग्रबमध्ये पार्टिशनही शून्यापासून मोजत, त्यामुळे तिथले आकडे उचलले तर बरोबर शेजारच्या घरात शिराल.

बूट-रिपेअर (ग्रब आपोआप दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) वापरू का? एका बटणात होतं म्हणे.

होतं, पुष्कळदा. लाइव्ह पेनड्राइव्हवर इंटरनेट जोडून ‘पीपीए:यानउबुंटू/बूट-रिपेअर’ हा पॅकेजसाठा जोडा आणि तो बसवा. माझा आग्रह एवढाच की ‘रेकमेंडेड रिपेअर’ लगेच दाबू नका. आधी बूट-इन्फोचा अहवाल काढून पेनड्राइव्हवर ठेवा. कुठल्या डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये काय आहे, ईएफआय पार्टिशनवर कुठल्या फायली आहेत, नोंदींचा क्रम काय, सगळं त्यात एका जागी येतं, आणि दुरुस्तीनंतर काय बदललं हे कळायला तोच आधार. मदत मागताना हा अहवाल, पडद्याचा फोटो आणि बिघडण्याआधी शेवटचं काय केलं होतं, एवढं द्या. अहवाल नेटवरच्या सार्वजनिक पानावर चढवू का असंही बूट-रिपेअर विचारतो; त्यात डिस्कची आणि पार्टिशनची नावं असतात, नको असेल तर नाही म्हणा आणि फाइल थेट पाठवा.